गुडघाभर पाणी

एका जंगलात, दोन टेकड्यांच्या मधल्या खोलगट जागी, एक तळे होते आणि त्या तळ्यात एक म्हातारी कासवीण राहत असे. मुलांनो, ते जंगल कोणते असे विचारू नका. जिथे सभा भरतात, सभेत ठराव होतात आणि ठराव नेहमी एकमतानेच होतात, अशी जंगले पुष्कळ आहेत. त्यांतलेच हे एक.

तळ्याच्या काठी एक काळा, उभट दगड होता. त्याला खूणदगड म्हणत. दरवर्षी पळसाची फुले गळून गेली की सारे प्राणी काठावर जमत आणि बगळा त्या दगडाला पाठ लावून पाण्यात उभा राही. पाणी त्याच्या गुडघ्याला लागले, तर तो मान उंच करून म्हणे, "गुडघाभर." मग सभा संपे आणि जो तो आपल्या उद्योगाला लागे. पाणी गुडघ्याला लागले नाही, तर मात्र दोन गोष्टी कराव्या लागत. रानडुकरांनी तळ्यातले कमळकंद खणणे पाऊस येईपर्यंत बंद ठेवायचे; आणि ज्यांना खूर आहेत अशा सर्वांनी रोज सकाळी काठच्या ओल्या चिकणमातीत उतरून ती तुडवायची. कारण ते तळे टिकून होते ते तळाशी असलेल्या चिकणमातीच्या लेपावर. डुकराने कंदासाठी खणले की लेपाला भोक पडे आणि पाणी खाली झिरपे. खुरांनी तुडवले की भोक बुजे. पण हे माती ओली असेपर्यंतच. वाळलेली चिकणमाती कितीही तुडवा, तिचा फुफाटा होतो, लेप होत नाही.

कासविणीने लहानपणी असे एक वर्ष पाहिले होते. महिनाभर गवे, सांबरे, हरणे चिखलात पाय आपटत होती आणि डुकरे काठावर बसून त्यांना नावे ठेवत होती. त्या वर्षी तळे वाचले. त्याबद्दल कोणी कोणाचे आभार मानले नाहीत. जे बुडाले नाही त्याबद्दल आभार मानण्याची पद्धत त्या जंगलात नव्हती.

कासवीण दरवर्षी अंडी घाली ती खूणदगडाच्या मागच्या वाळूत. तिच्या आईने तिथेच घातली होती, आणि आईच्या आईनेही. पिल्ले बाहेर आली की वाळूतून पाण्यापर्यंत तिची बारा पावले. पिल्लांची पाठ तेव्हा मऊ असते. ऊन लागते, कावळा टपलेला असतो. बारा पावले म्हणजे कावळ्याने मान एकीकडून दुसरीकडे वळवेपर्यंतचा वेळ. तेवढ्यात बहुतेक पिल्ले पाण्यात पोचत. बारा पावलांवर कासवांच्या कितीतरी पिढ्या जगल्या होत्या.

गोष्ट बिघडली ती शेवाळामुळे. एके वर्षी दगडाच्या पायथ्याशी शेवाळ धरले होते. पाय घसरेल म्हणून बगळा एक पाऊल पुढे उभा राहिला आणि म्हणाला, "गुडघाभर." कासविणीने ते पाहिले. एकच तर पाऊल, असे म्हणून ती गप्प बसली. पुढच्या वर्षी शेवाळ नव्हते, पण बगळा गेल्या वर्षीच्या जागी उभा राहिला आणि पाणी थोडे कमी वाटले म्हणून आणखी अर्धे पाऊल सरकला. सभेचे कामकाज कोल्हा पाहत असे. त्याला कोणी विचारलेच, तर तो म्हणे, "गेल्या वर्षीप्रमाणे." मुलांनो, हे दोन शब्द नीट लक्षात ठेवा. मोठेपणी ते तुम्हांला फार वेळा ऐकावे लागतील.

आणि गंमत अशी, की पाणी जसजसे आटत गेले, तसतशी जंगलात सुबत्ता आली. तळे लहान झाल्याने मासे दाटीवाटीने राहू लागले. बगळ्याने नुसती चोच बुडवली तरी मासा मिळे. मासे वाढले, असे सभेत जाहीर झाले. काठ आत सरकल्याने पूर्वी खोल पाण्यात असलेले कमळकंद उघडे पडले; डुकरांना बुडी मारायचीही गरज उरली नाही. कंद वाढले, असेही जाहीर झाले. डुकरे मनाने वाईट नव्हती. ती साऱ्यांना वाटा देत. म्हाताऱ्या कासविणीसाठी तर कोवळा कंद निवडून तिच्या तोंडापुढे आणून ठेवत. ती तो खाई. हेही सांगायला हवे, नाहीतर तुम्हांला वाटेल, कासवीण तेवढी शहाणी आणि बाकीचे मूर्ख.

अशी बरीच वर्षे गेली. या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी कासवीण आपली अंडी पाहायला निघाली. पाऊस सरताना तिने ती घातली, तेव्हा पाणी त्यातल्या त्यात जवळ होते. आता तिला वाटेत तीनदा थांबावे लागले. तिसऱ्या थांब्यावर तिने मागे वळून पाहिले. ज्या तळ्याचा दुसरा काठ तिला तरुणपणी कधी दिसला नव्हता, ते तळे आता एका नजरेत मावत होते. मधे नुसता भेगाळलेला गाळ होता आणि गाळात डुकरांनी खणलेले खड्डे. तिने पावले मोजायला सुरुवात केली. दोनशे झाल्यावर तिने मोजणे सोडले, कारण दगड अजून दूर होता आणि तिला भीती वाटू लागली होती.

तिने सभेत विषय काढला. बारा पावलांची दोनशेवर पावले झाली आहेत, तेव्हा बगळ्याने या वर्षी पुन्हा खूणदगडाशी उभे राहावे, एवढेच तिचे म्हणणे होते. कोल्ह्याने ते शांतपणे ऐकून घेतले. तो कोणाचेही शांतपणे ऐकून घेई. त्याचे निम्मे वजन त्यातच होते.

मग डुकरांचा म्होरक्या उठला. त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते, हीच त्यातली अडचण. "टेकडीपलीकडच्या तळ्यातली डुकरं आमच्या आज्याच्या आधीपासून खणतायत," तो म्हणाला. "खाऊन खाऊन त्यांची पोटं जमिनीला टेकलीत. आमची आत्ता कुठं भरायला लागली, तर म्हातारे, तू आम्हांला थांब म्हणतेस. आधी त्यांना थांबव, मग आमच्याकडं ये." यावर बऱ्याच माना हलल्या. ज्यांच्या तोंडात कंद होता त्यांनी तो चघळत हलवल्या.

कोल्ह्याने मधला मार्ग काढला. हरणे मुळीच खणत नाहीत. तेव्हा हरणांनी आपले न खणणे डुकरांना द्यावे आणि त्याच्या बदल्यात कंद घ्यावेत. म्हणजे डुकरांनी खणले तरी ते न खणल्यासारखेच होईल. हरणांना ही कल्पना फार आवडली. आपण इतकी वर्षे फुकट खणत नव्हतो, हे त्यांना प्रथमच कळले. कासविणीने विचारले, की यामुळे लेपाची भोके बुजतील काय. त्यावर सभा पुढच्या विषयाकडे वळली.

पुढचा विषय कासवीणच होती. कोल्हा अतिशय मायेने म्हणाला, "आजीबाई, पाणी लांब गेलंय की तुमचं चालणं मंदावलंय, हे आधी ठरायला नको का?" सगळे हसले. कासवीण चालण्यात कधी चपळ होती, असे त्या जंगलात कोणाला आठवत नव्हते. तरीही तिचे पाय तपासण्यासाठी एक साळिंदर आणि दोन ससे यांची समिती नेमली गेली. समितीने तिचे चारही पाय पाहिले आणि ते आखूड असल्याचे एकमताने कळवले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, बगळा एकटा उभा असताना, कासवीण त्याच्यापाशी गेली. तो तिच्याकडे न पाहता पाण्यात पाहत होता. त्याच्या पायांभोवती मासे खेटून होते.

"आजी, मी काय आंधळा आहे?" तो आपणहून म्हणाला. "पहिल्या वर्षी एक पाऊल होतं. तेव्हाच मागे आलो असतो तर कोणाच्या ध्यानातही आलं नसतं. आता दगडाशी उभा राहिलो, तर पायाखाली पाणी सोडाच, ओलसुद्धा लागायची नाही. मग सगळे विचारतील, इतकी वर्षं तू मोजत काय होतास? त्या प्रश्नाची मला फार भीती वाटते."

"आणि तहानेची?"

"तहान सगळ्यांना लागेल," बगळा म्हणाला. "तो प्रश्न मला एकट्यालाच विचारतील."

कासविणीने त्याला दोष दिला नाही. तिची अंडी फुटायला आठ-नऊ दिवस उरले होते, आणि काठाची माती आणखी आठ-नऊ दिवसच ओली राहील असे दिसत होते. उद्या त्याने दगडाशी उभे राहून खरे सांगितले, तर डुकरे थांबतील, खुरवाले माती तुडवतील, आहे तेवढे पाणी तरी टिकेल. पोचतील ती पिल्ले निदान पाण्यात पोचतील. हे तिने त्याला समजावून सांगितले. बगळा म्हणाला, "बघतो." बघतो म्हणजे काय, ते घरच्या मोठ्या माणसांना विचारा, त्यांना चांगले ठाऊक असते.

मोजणीच्या सकाळी कासवीण पहाटेपासून चालत खूणदगडापाशी जाऊन बसली. जिथे बगळ्याच्या आजोबांचे पाय असत, नेमकी तिथे. उन्हे वर आली, प्राणी जमले, बगळा आला. दगडाजवळ तो थांबला. त्याने खाली कासविणीकडे पाहिले, एक पाय उचलला आणि तसाच धरून ठेवला. कासविणीला वाटले, आता टेकवेल. कोल्हा हलकेच खाकरला. बगळ्याने पाय पुढे टाकला आणि तो गाळावरून चालत तळ्याकडे गेला.

तो पाण्यात शिरला. पाणी नडगीच्या निम्म्यालाही नव्हते. तो पुढे गेला, आणखी पुढे गेला, तळ्याच्या अगदी मधोमध जाऊन थांबला. पुढे आता खोली नव्हती. पुढचे पाऊल पलीकडच्या काठाकडे जाणारे होते. पाणी गुडघ्याला लागले नव्हते. चांगले चार बोटे खाली होते. काठावर एक पानही हलले नाही. मग बगळ्याने, अगदी सावकाश, आपले पाय दुमडले आणि तो पाणी गुडघ्याला लागेपर्यंत खाली बसला.

"गुडघाभर," तो म्हणाला.

मुलांनो, हे कोणाला दिसले नाही असे नव्हे. दिसले साऱ्यांना. गवा पाहत होता, तो एकदम आकाशाकडे पाहू लागला. हरणांना एकमेकांच्या अंगावरच्या गोचिडी दिसल्या. डुकरांच्या म्होरक्याचे तोंड एकवार उघडले आणि त्याने ते मिटले. कासविणीला त्या क्षणी जी भीती वाटली तशी आयुष्यात कधी वाटली नव्हती. बगळा खोटे बोलला याची नव्हे. इतके जण एकाच वेळी एकच गोष्ट पाहून न पाहिल्यासारखे करू शकतात, याची.

"गेल्या वर्षीप्रमाणे," कोल्हा म्हणाला आणि सभा संपली. जाता जाता त्याने बगळ्याला सांगितले, की पाऊस येईपर्यंत त्याने तसेच बसून राहावे. उगाच उठले-बसले की लोकांचा विश्वास डळमळतो. एवढे सांगून कोल्हा खिंडीतून टेकडीपलीकडे गेला. तिकडचे कामकाज कसे चालते याचा अभ्यास करायला जातो आहे, असे तो म्हणाला.

आठ दिवस ऊन तापत राहिले आणि डुकरे खणत राहिली. कंद आता उरले होते ते तळ्याच्या मध्यावरच, आणि तिथे लेप सर्वांत पातळ होता.

नवव्या दिवशी उजाडताना वाळू हलली. अकरा पिल्ले बाहेर आली. बाहेर येताच ती सवयीने उताराच्या दिशेने निघाली. आपल्या आजीपणजीप्रमाणे आईच्या बारा पावलांएवढे अंतर चालली आणि थांबली. तिथे पाणी नव्हते. त्यांनी माना वर करून आईकडे पाहिले.  कासवीण पुढे झाली आणि पिल्ले तिच्या मागे निघाली.

ऊन चढत गेले. गाळाला इतक्या रुंद भेगा पडल्या होत्या, की त्यांत पिल्लू सहज मावे. पहिले पिल्लू भेगेत गेले तेव्हा कासविणीने मान लांब करून पाहिली. ते दिसत होते, पण मान तेवढी लांब होत नव्हती. तिच्या सावलीत चालणारी पिल्ले निभावत होती, सावलीबाहेरची मागे पडत होती. कावळ्यांना त्या दिवशी घाई करायची गरजच पडली नाही. ते चालत येत आणि उचलून नेत. कासवीण मागे वळून पाहत नव्हती. मागे पाहायला थांबली असती तर सावली थांबली असती.

मध्यान्हीला ती पाण्यापाशी पोचली, तेव्हा तिच्यामागे चार पिल्ले होती. आणि जिथे पोचली तिथे पाणी असे नव्हतेच. गाळात एक तांबूस डबके होते. त्याच्या मधोमध बगळा बसला होता. त्याच्याभोवती मासे तोंडे वर करून हवा गिळत होते, पण तो त्यांना शिवतही नव्हता. त्याने कासविणीकडे पाहिले, तिच्यामागच्या चार पिल्लांकडे पाहिले. किती निघाली होती, ते त्याने विचारले नाही. आणि मग इतक्या दिवसांत प्रथमच तो उठून ताठ उभा राहिला.

"घोटाभर," तो मोठ्याने म्हणाला. "घोट्याच्याही खाली."

त्याला वाटले होते तसा प्रश्न त्याला कोणीच विचारला नाही. कोणी रागावलेही नाही. साऱ्या जंगलाने नुसता श्वास सोडला, जणू पुष्कळ दिवस तो रोखून धरला होता. मग गवा पुढे झाला आणि काठच्या मातीवर पाय आपटू लागला. त्याच्यामागे सांबरे आली, हरणे आली. डुकरांचा म्होरक्याही मुकाट्याने उतरला. डुकरांनाही खूर असतात, हे त्या दिवशी सर्वांच्या ध्यानात आले. सगळे जीव तोडून तुडवत होते. पण माती अंदाजापेक्षा लवकर, चार दिवसांपूर्वीच वाळली होती. तिचा फुफाटा झाला, तो वर उठला आणि उरल्यासुरल्या डबक्यावर जाऊन बसला.

तेव्हा कोणीतरी टेकडीपलीकडच्या तळ्याचे नाव काढले. इतकी वर्षे ज्यांना नावे ठेवली, त्यांच्याकडेच जावे असे ठरले, आणि सारे कळप रांग धरून खिंडीकडे निघाले. बगळा वरून वाट दाखवायला उडाला. कासवीण चार पिल्लांना पोटाखाली घेऊन डबक्यात बसून राहिली आणि पाहू लागली. रांग खिंडीत चढली. खिंडीच्या पलीकडूनही धूळ उठत होती, ती जवळ आली. दोन्ही धुळी समोरासमोर आल्या आणि थांबल्या. बराच वेळ तिथे काहीच हलले नाही.

मग बगळा परत आला. तो पाण्यात उतरला नाही, कडेला उभा राहिला.

"तेही पाणी शोधत निघालेत," तो म्हणाला. "पुढं आपला कोल्हा आहे. आपल्या तळ्यात गुडघाभर आहे असं त्यानं त्यांच्या सभेत सांगितलं म्हणे. त्याला तिथं काहीतरी सांगावंच लागलं असेल."

"मग आपल्यांनी त्यांना खरं सांगितलं नाही?"

"सांगितलं. गवा घसा फोडून सांगत होता. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, पाणी असलं की आम्हीही असंच सांगायचो." बगळ्याने खिंडीकडे पाहिले. "त्यांच्याकडंही एक बगळा आहे, आजी. गेली तीन वर्षं तो बसूनच मोजतोय."

खिंडीतली धूळ पुन्हा हलू लागली. पलीकडच्यांच्या रेट्याने इकडचे कळपही मागे फिरले होते. आता ती एकच होती, पूर्वीच्या दुप्पट रुंद, आणि उताराने खाली येत होती. दोन जंगलांची तहान, आणि तिच्या वाटेवर एक डबके. जमीन आधी बारीक थरथरली, मग डबक्यावर वलये उठली. कासविणीने मागच्या पायांनी चिखल उकरला. जिथवर ओल होती तिथवर खोल गेली, चार पिल्लांना एकेक करून आत ढकलले आणि त्यांच्यावर आपली पाठ आडवी धरली. बगळ्याला तिने दगडाकडे बोट दाखवावे तशी मान करून दाखवली. पाऊस कधी आलाच, तर कुठे उभे राहायचे ते त्याला कळले असावे. तो दगडाच्याच दिशेने उडाला.

पहिले खूर काठाला लागले, तेव्हा तिने मान आत घेतली.

तात्पर्य : माप पुढे सरकवल्याने पाणी वाढत नाही. चूक एका पावलाची असते तोवरच मागे यावे. कारण माती ओली असेपर्यंतच ती तुडवण्याचा उपयोग असतो, आणि शेवटी खरे सांगितले तरी ऐकणारा तहानेने आंधळा झालेला असतो.